साडूंची चुकलेली माती

ही गोष्ट मी आजवर कुणालाच सांगितलेली नाही. बायकोला नाही, आणि देवालाही नाही. देवाला ती आधीच ठाऊक असणार या धास्तीने मी देवळातही कमीच जातो. परभणी जिल्ह्यात गेल्या कित्येक वर्षांत असा एकही माणूस मेला नसेल, ज्याच्या मातीला माझे थोरले साडू हजर नव्हते. आमच्याकडे अंत्ययात्रेला माती म्हणतात, मग माणूस जाळा की पुरा. साडूंना जात लागत नाही, गाव लागत नाही, ओळख तर अजिबातच लागत नाही. चुडाव्यापासून येलदरीपर्यंत कुणीही डोळे मिटले तर ते घरच्यांच्या आधी साडूंना कळतं, असा आमच्या सासरवाडीत पक्का समज आहे. अशा या माणसाची आयुष्यात एकच माती चुकली. ती त्यांच्या सख्ख्या थोरल्या बहिणीची. आणि ती माझ्यामुळे चुकली.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. चुडाव्याच्या अलीकडे त्यांची शेती आहे, पण ते शेतकरी आहेत हे शेतालाच फारसं माहीत नसावं. त्यांच्या दाराआड खुंटीला एक कापडी पिशवी कायम टांगलेली असते. तीत टॉवेल-टोप्यांचे जोड, अगरबत्तीचे पुडे, काडेपेटी आणि एक धुतलेलं धोतर. मयताच्या घरी सोयऱ्यांनी टॉवेल-टोपी करायची ही आमच्याकडची रीत: घरच्या कर्त्याच्या खांद्यावर पांढरा टॉवेल टाकायचा, डोक्यावर टोपी ठेवायची आणि तोंडाने काही बोलायचं नाही. साडू ही रीत सोयऱ्यांपुरती न ठेवता अख्ख्या जिल्ह्याला लावतात. चुडाव्याच्या स्टेशनावर पिशवी घेऊन उभे राहिले की गाडीतली माणसं खिडकीतून विचारतात, "आबा, कोण?" आणि साडू नाव सांगतात. एकदा ते भाचीच्या लग्नाला ती पिशवी घेऊन गेले, सवयीने मांडवाच्या कोपऱ्यात गुडघ्यात मान घालून बसले, आणि मुलीच्या बापाला घाम फुटला. पेपर आला की ते पहिलं पान उलटवतात, शेवटचंही उलटवतात, निधनवार्ता वाचतात आणि घडी घालून म्हणतात, "बाकी काय न्हाई आज." येलदरीला एक म्हातारा गेल्याची खबर ऐकून पोचले तर म्हातारा ओट्यावर चहा पीत बसलेला. साडू त्याच्याशेजारी बसले, त्यांनीही चहा घेतला, आणि निघताना त्याच्या डोक्यावर टोपी ठेवली. म्हणाले, "आनलीच हाय तर घाला." म्हातारा ती टोपी घालून पुढे कैक वर्षं धडधाकट हिंडला. कुठल्याही मातीहून दुसरा कुणी आला की साडू एकच विचारतात: "मानसं किती व्हती?" कसा गेला, किती दिवस आजारी होता, मागे काय ठेवलं, हे त्यांच्या लेखी गौण. मी एकदा त्यांना म्हटलं होतं, बिनओळखीच्या माणसाच्या मातीला कशाला जायचं? त्यावर ते म्हणाले, "लग्नाचं बोलावनं येतंय, मास्तर. मातीचं येत नसतंय. मनून तर जायाचं."

मास्तर म्हणजे मी. परभणीतल्या एका शाळेत भूगोल शिकवतो. सगळं आयुष्य फळ्यावर हिमालय काढला, खडूने त्याच्यावर बर्फ टाकला आणि तास संपल्यावर पुसला. खरा डोंगर म्हणावा असा मी पाहिलेलाच नव्हता. तेव्हा सहलवाल्यांची सिक्कीमची जाहिरात पाहून मी दोघांची नावं घातली. आयत्या वेळी बायकोचा गुडघा धरला, आणि ती म्हणाली, "दाजींना न्या. मेलेल्यांच्या मागं धावून धावून त्या माणसानं जिवंत असं काही बघितलंच नाही." साडू तयार झाले. त्यांच्या बायकोने एकच अट घातली: फोन घरी ठेवायचा. कारण फोन बरोबर असता तर कुठल्या तरी खेड्यात कुणी तरी गेलं असतं आणि साडू बिहारमधल्या एखाद्या स्टेशनावरूनच परत फिरले असते. त्यामुळे त्यांच्यासाठी काही निरोप असला तर तो माझ्या फोनवर येणार, असं ठरलं. पिशवी मात्र त्यांनी सोडली नाही. "परमुलूख हाय. काय सांगावं," म्हणाले. तिथले ते उभे रस्ते पाहून आमचे सगळे सहप्रवासी छाती धरून देखावा देखावा करत होते. साडू मला हळूच म्हणाले, "मास्तर, एवढ्या चढाला खांदा कसा देत असतील हो?"

त्या दिवशीचा कार्यक्रम असा होता: सकाळी डोंगरावरचा लामांचा मठ, दुपारी गंगटोक शहर, संध्याकाळी मुक्कामी परत. सकाळी साडू न्हाणीघरात धोतर खळबळत होते, तेव्हा माझा फोन वाजला. गंगाखेडहून त्यांचा भाचा.

"मास्तर, आई गेली. मामाला द्या फोन."

मी म्हटलं, "अंघोळीला गेलेत."

"मंग इचारून सांगा. मामा येतो म्हनला तर आमी उद्या सकाळपर्यंत थांबतोव. बर्फाची पेटी आनलीय. आईनं लय येळा नाव घेतलं त्याचं." तो रडत होता. ट्रॅक्टर चालवणारा आडदांड माणूस, लहान मुलासारखा हुंदके देत होता.

मी फोन ठेवला. खिडकीबाहेर ढग जरासे फाटले होते आणि त्या फटीतून बर्फाची एक कड दिसत होती. खडूची नाही, खरी. मी तिच्याकडे किती वेळ पाहत राहिलो कोण जाणे. मग मी भाच्याला फोन लावला आणि म्हणालो, "मामा म्हणतात, थांबू नका. इतक्या लांबून येणं होणार नाही." तो एवढंच म्हणाला, "मामा म्हनला असं?" मी म्हणालो, "हो." दहा मिनिटांनी बायकोचा फोन आला. तिलाही मी तेच सांगितलं. ती म्हणाली, "दाजी असं म्हणाले? दाजी?" माझ्या तोंडून इतकं सहज खोटं निघू शकतं, याचा मला स्वतःलाच धक्का बसला. मी मुळात बोलणारा माणूस नाही. वर्गातसुद्धा मी नकाशाकडे तोंड करून शिकवतो.

अजूनही मी स्वतःला समजावत होतो की येणं खरंच शक्य नव्हतं, उगाच त्यांच्या जिवाला घोर कशाला. पण गाडीत आमच्या गाइडबाईंच्या शेजारी जागा मिळाली आणि मी सहज विचारल्यासारखं विचारलं, की समजा कुणाला तातडीने घरी जायचं असलं तर? त्या म्हणाल्या, आत्ता निघालं तर सहज होतं. खाली विमानतळावर दुपारचं विमान गाठायचं, संध्याकाळी हैदराबाद. पुष्कळ जण जातात. हैदराबादहून गंगाखेड रात्रीतून गाठता येतं, हे कळायला भूगोल लागत नव्हता. फोन माझ्या खिशात होता. भाच्याला थांब म्हणायला अजून वेळ होता. मी खिडकीबाहेर पाहत बसलो. आता तिथे नुसते ढग होते.

मठाच्या वाटेवर भिंतीला पितळी चक्रं बसवलेली होती. मंत्र कोरलेली, हाताने फिरवायची. लोक चालता चालता दोन-चार फिरवत होते. साडूंनी सगळी फिरवली, आणि एखादं राहिलं असेल म्हणून परत फिरून पहिल्यापासून तपासली. धोतर, त्यावर माझा स्वेटर, माकडटोपी आणि तिच्यावर पांढरी टोपी, काखेला पिशवी. आत मोठ्या दालनात लोण्याचे दिवे जळत होते आणि एक अतिवृद्ध लामा उंच बैठकीवर बसले होते. आम्ही रांगेने पुढे गेलो. साडू वाकले, आणि लामांनी काहीही न बोलता त्यांच्या गळ्यात एक पांढरं रेशमी वस्त्र घातलं.

साडू ताठ झाले. मी त्यांना शेकडो मयतांपुढे पाहिलंय, पण असा पांढराफटक चेहरा कधी पाहिला नव्हता. ते माझ्याकडे वळले आणि त्या शांत दालनात मोठ्यांदा म्हणाले, "मास्तर, कोन गेलं?"

क्षणभर मला वाटलं, त्या लामांना कळलंय. मी कसाबसा म्हणालो, "कुणी नाही. इथला मान आहे तो. सगळ्यांनाच घालतात."

साडूंनी मागे पाहिलं. रांगेत आमच्या आधी गेलेले सहलीतले पुण्याचे बँकवाले, नगरचे डॉक्टर, सगळ्यांच्या गळ्यात पांढरं. "समद्यांच्याच घरचं?" त्यांनी घाबरून विचारलं. गाइडबाईंनी समजावलं, हा आशीर्वाद आहे, शुभ आहे. मग हळूहळू साडूंच्या चेहऱ्यावर रक्त परतलं. "म्हंजी आहेर हाय म्हना की," म्हणाले. आणि घेतलेला आहेर बिनफेडीचा ठेवणं साडूंच्या रक्तात नाही. आम्ही काही म्हणायच्या आत त्यांनी पिशवी उघडली, टॉवेल झटकून लामांच्या खांद्यावर टाकला, आणि त्या तुळतुळीत डोक्यावर आपल्याकडची पांढरी टोपी नीट, दोन्ही हातांनी, कानापर्यंत ओढून बसवली. रीतीप्रमाणे तोंडाने काही बोलले नाहीत. गाइडबाईंचा हात तोंडावर गेला. कुणाचा तरी श्वास अडकल्याचा आवाज आला. बाजूचे लामा उठून उभे राहिले. वृद्ध लामांनी टोपी चाचपली, आणि मग ते हसायला लागले, इतके की त्यांचे डोळे वाहायला लागले. मग बाकीचे लामा हसले, मग आम्ही सगळे हसलो. त्या दालनात खरं सुतक कुणाला आहे हे एकट्या मला ठाऊक होतं, आणि मीही हसलो.

दुपारी गंगटोकच्या बाजारात साडूंनी एकच खरेदी केली: बहिणीला लोकरीची शाल. "आक्काला थंडी लय वाजती," म्हणाले. दुकानवालीला म्हणाले, "बाई, तुम पांघरके दिखाव. हमारी आक्का तुमारे इतकीच है." तांबडी की निळी यावर ते अडले. मग मला म्हणाले, "लावा की मास्तर फोन. तिलाच इचारू."

मी म्हणालो, "रेंज नाही."

आमच्या आजूबाजूला अख्खा रस्ता फोनवर बोलत होता. साडूंनी रस्त्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि तांबडी घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांना सांगितलं. आत्ताच फोन आला म्हणून. आक्का काल गेल्या, काल सायंकाळीच उरकलं. ते बाकड्यावर बसले होते. त्यांच्या मागे आभाळ लख्ख मोकळं झालं होतं आणि ज्याच्यासाठी मी हे सगळं केलं तो डोंगर पुराच्या पुरा उभा होता. माझ्याने वर बघवलं नाही. साडूंनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि म्हणाले, "मानसं किती व्हती?"

दहाव्याला आम्ही गंगाखेडला गोदेच्या घाटावर होतो. साडू भाच्याला टॉवेल-टोपी करायला पुढे गेले, तर त्याने त्यांचा हात धरला आणि चारचौघांत म्हणाला, "मामा, जगाच्या मातीला जाताव, आन् माझ्या आईच्या येळंला थांबू नका म्हनताव? कसं म्हनवलं?"

मी नदीकडे बघत होतो. साडूंची नजर माझ्यावर आली, हे मला न पाहता कळलं. रेंज, तांबडी शाल, बाकड्यावरची सकाळ, सगळं त्या एका नजरेत जागच्या जागी बसलं असणार. आता ते बोलतील, असं मी धरून चाललो. साडू म्हणाले, "चुकलं बापू. म्हनलो मी तसं."

मला आयुष्यात इतका धक्का कशानेच बसला नाही. भाच्याने टोपी घेतली नाही, शालही घेतली नाही. परत येताना एसटीत साडूंनी मला खिडकीची जागा दिली आणि म्हणाले, "वारं लागायलंय का मास्तर? काच वढा."

त्यानंतर त्यांनी तो विषय कधी काढला नाही. अजूनही ते पिशवी घेऊन चुडाव्याच्या स्टेशनावर उभे असतात. गंगाखेडलाही मातीला जातात, पण भाच्याच्या गल्लीवरून नाही, लांबच्या वाटेने. न बोलावता अख्ख्या जिल्ह्याच्या दारात गेलेला हा माणूस त्या एका दाराशी बोलावण्याची वाट पाहत थांबलेला आहे. तांबडी शाल पिशवीच्या तळाशी, टॉवेलांच्या खाली आहे. हे लिहिलेलं त्यांच्यापर्यंत पोचणार नाही; ते निधनवार्तांपलीकडे काही वाचत नाहीत. भाचा तर तेही वाचत नाही. म्हणून हे लिहून माझं काही फिटत नाही. मला गंगाखेडला जायचं आहे, चारचौघांत भाच्यापुढे उभं राहायचं आहे, आणि त्याला सांगायचं आहे: 'थांबू नका' असं तुझा मामा म्हणाला नव्हता. मी म्हणालो होतो.

एवढं माझ्याकडून अजून द्यायचं राहिलं आहे.