शेऱ्याचा रकाना

नांदेडात कुठल्या दिवशी काय घडलं, हे खात्रीनं दोघांनाच सांगता येईल. एक परमेश्वर आणि दुसऱ्या आमच्या घरमालकीण नर्सबाई. त्यातही परमेश्वरानं काही लिहून ठेवलेलं नाही, त्यामुळे वाद झालाच तर मी नर्सबाईंचं खरं मानीन. मी शाळेत शिक्षिका. त्यांच्या माडीवर साडेदहा वर्षं भाड्यानं राहिले. खाली त्या एकट्या, वर मी एकटी. त्यांची सगळी नोकरी किनवटच्या जंगलातल्या आरोग्य उपकेंद्रांत गेली. तांडे आणि वस्त्या पायी तुडवत त्यांनी बाळंतपणं केली, पोरांना लसी टोचल्या आणि रोज संध्याकाळी कंदिलाची काच पुसून वही लिहिली. निवृत्त होऊन नांदेडात आल्या तरी ती सुटली नाही. सरकारी दैनंदिनी वेगळी, ती साहेबांच्या सहीसाठी. ही त्यांची स्वतःची, आणि हिच्यावर सही करायची कुठल्याही साहेबाची टाप नव्हती.

वही तरी कसली, लसीकरणाची रद्द झालेली लांबलचक रजिस्टरं. सरकारनं नमुना बदलला की जुनी कोरी रजिस्टरं रद्दीत जायची, ती बाई उचलून आणायच्या. त्यांत रकाने छापलेले, आणि छापील रकाना मोडणं बाईंच्या रक्तातच नव्हतं. म्हणून 'बाळाचे नाव' या रकान्यात त्या झाड लिहायच्या, 'आईचे नाव' याच्यात पक्षी, 'लस' याच्याखाली पाऊस, त्याच्या पुढच्यात गावात आणि जगात झालेली घडामोड, आणि सगळ्यात शेवटी 'शेरा' या रकान्यात घरी कोण आलं, कधी आलं, कधी गेलं. पहिल्यांदा रजिस्टर उघडणाऱ्याला बाळाचं नाव पळस आणि आईचं नाव टिटवी असं दिसायचं, आणि तो बाईंकडे जरा जपूनच बघायचा. पण वाचत गेलं की थांबवत नसे. 'मोह गळायला लागला. सगळ्या बाया वेचायला गेल्या. लसीला कोणी नाही. मीही पाटीभर वेचला.' किंवा, 'छोट्या रुळाची गाडी आज शेवटची. ड्रायव्हरला हार. गार्ड रडला.' भूकंपाच्या पहाटेची नोंद अशी होती: 'मांडणीवरची भांडी वाजली. मला वाटलं मांजर. मांजर माझ्या पायाशीच होतं.'

रोज सकाळी बाई आजच्या तारखेची पानं काढायच्या. चाळीस वर्षांची चाळीस पानं, एकामागून एक, मोठ्यानं. त्या वेळी जो दारात सापडेल तो श्रोता. दूधवाल्यानं पिशवी फाटकाला अडकवून पळायचं तंत्र शोधून काढलं होतं. वीजमीटरचा आकडा घ्यायला येणाऱ्या माणसाला त्यांनी एकदा सांगितलं, की गेल्या साली याच तारखेला तुम्ही लाल सदरा घातला होता आणि फाटक उघडं टाकून गेलात, गाय आत शिरली, तिनं तुळस खाल्ली. तेव्हापासून तो माणूस भिंतीवरून डोकावून आकडा वाचायचा. गल्लीत दोन शेजाऱ्यांचं भांडण लागलं की बाई रजिस्टर घेऊन मध्ये उभ्या राहायच्या आणि कोण कधी काय बोललं होतं ते वाचून दाखवायच्या. भांडण तिथल्या तिथे मिटायचं, पण दोघंही पुढं बाईंशी बोलायचे नाहीत. आपण काल काय म्हणालो याची आठवण करून देणारं माणूस कुणालाच नको असतं. शेऱ्याचा रकाना हळूहळू रिकामा पडत गेला. मुलगा हैदराबादेत, तो दिवाळीला यायचा, आणि ती नोंद बाई जाड अक्षरात करायच्या. मीही काही साधू नव्हे. शाळेतून दमून आले की चपला हातात घेऊन जिना चढायची.

अशात एका शनिवारी कॉलेजातले एक सर दोन विद्यार्थिनींना घेऊन आले. झाडांचे मोहर आता आधी येतात की उशिरा, हा त्यांच्या अभ्यासाचा विषय. किनवटच्या जंगलाची इतकी जुनी रोजची नोंद एका बाईनं ठेवलीय, हे कुणाकडून तरी त्यांच्या कानावर गेलं होतं. बाईंना आकाश ठेंगणं झालं. त्यांनी मुरमुऱ्यांचा सुशीला केला, चहा केला, आणि पोरी पानापानाचे फोटो काढू लागल्या. शेऱ्याच्या रकान्याचा त्यांना उपयोग नव्हता, म्हणून फोटो काढताना त्या त्याच्यावर कागदाची पट्टी ठेवायच्या. बाईंनी ते पाहिलं. पुढच्या वेळी कागद हलतो म्हणून त्यांनी स्वतःच पुठ्ठ्याची पट्टी कापून दिली.

काम खरं तर चार दिवसांचं होतं. ते पाच महिने चाललं, कारण बाईंना दर शनिवारी एकच रजिस्टर सापडायचं, लई नशीब असलं तर दोन. "बाकीचे कुठं ठेवलेत की, सापडूनच नाही राहिले," असं त्या मोठ्या काळजीनं सांगायच्या. ती ज्वारीच्या कोठीत होती. बाईंना दळण काढून देताना मी ती पाहिली होती. पण कोठीलाही तळ असतोच. शेवटचं रजिस्टर झालं, पोरींनी बाईंच्या पाया पडून निरोप घेतला, आणि पुढचे दोन शनिवार फाटक वाजलं नाही. दोन्ही शनिवारी बाईंनी सुशीला मात्र केला. तो मला वर आणून द्यायला त्यांचे गुडघे नव्हते, म्हणून जिन्याच्या पहिल्या पायरीवर ताटली झाकून ठेवायच्या.

तिसऱ्या आठवड्यात त्यांनी सरांना फोन केला. अंगणातल्या कडुलिंबावर भृंगराज आलाय, म्हणाल्या. भृंगराज दाट जंगलातला पक्षी, नांदेडच्या गल्लीत तो दिसणं म्हणजे अर्धापूरच्या केळीच्या बागेत वाघ दिसण्यासारखं. सर आणि पोरी कॅमेरे घेऊन धावत आले. दिवसभर लिंबाखाली माना वर करून बसले. कावळे आले, साळुंक्या आल्या, एक खारही येऊन गेली. मग सर जिना चढून माझ्याकडे आले, कारण लिंबाची फांदी माझ्या गच्चीला टेकलेली. मी काही पाहिलं का, हे त्यांना विचारायचं होतं. बाईंची सगळी नोंद ते छापायला देणार होते, आणि ही एक नोंद खोटी ठरली तर लोक बाकीच्या चाळीस वर्षांवरही शंका घेतील, असं ते अगदी हळू आवाजात म्हणाले. मी खाली पाहिलं. बाई हातात उलथनं घेऊन वर बघत उभ्या होत्या.

"पाहिला," मी म्हणाले.

"शेपटी कशी होती?"

"आखूड," मी ठासून सांगितलं.

भृंगराजाचं सगळं वैभव त्याच्या शेपटीत. दोन लांब तारांसारखी पिसं आणि टोकाला झुपके. हे मला नंतर कळलं. सरांनी वही मिटली, नमस्कार केला आणि खाली गेले.

ते सगळे गेल्यावर बाई कठडा धरत, एकेका पायरीवर थांबत जिना चढून वर आल्या. नऊ वर्षांत पहिल्यांदाच.

"तुम्ही खोटं कशाला बोललात?"

"तुम्ही लिहिलं होतं म्हणून."

"मी लिवलं ते पोरी याव्यात म्हणून. तुमचं काय काम व्हतं?" मग दम खाऊन म्हणाल्या, "आन् बोलायचंच व्हतं तर शेपटी तरी लांब सांगायची."

आम्ही दोघी खूप हसलो. हसता हसता त्यांनी पदर डोळ्यांना लावला तो बराच वेळ काढला नाही. "मॅडम, चाळीस सालात एक अक्षर खोटं न्हाई लिवलं," त्या म्हणाल्या. "माझ्या हातात बाळ मेलं तर मेलं म्हणून लिवलं. आन् आता या वयात पाखरू लिवलं."

संध्याकाळी त्यांनी स्वतः सरांना फोन करून सांगून टाकलं. सर भला माणूस. तुम्ही होऊन सांगितलंत, आता बाकीच्या नोंदी मी डोळे झाकून घेतो, असं म्हणाले. बाईंनी लाल शाईनं त्या दिवसाच्या पानावर दुरुस्ती केली: 'भृंगराज आला नाही. मी लिहिला.' ती दाखवायला त्यांनी रजिस्टर माझ्यापुढं सरकवलं. मी ते हातात घेतलं आणि उगीच मागची पानं चाळू लागले. शेऱ्याच्या रकान्यात सगळ्यांची नावं होती, गॅसवाला, पोस्टमन, रस्ता चुकून आत आलेला कुणी एक. माझं नाव कुठंच नव्हतं. मला ते लागलं. मी तोंडावर विचारलं, नऊ वर्षांत मी एकदाही आले नाही का म्हणून.

बाईंनी माझ्याकडे पाहिलं, पहिलटकरणीकडे बघावं तसं. "शेऱ्यात बाहेरचं माणूस लिवतेत," त्या म्हणाल्या. "घरातल्या माणसाचं आलं-गेलं कोण लिवतंय?"

मला माझीच लाज वाटली. दुसऱ्या दिवसापासून मी चपला पायात ठेवून, वाजवत, आधी खाली जाऊ लागले. चहा व्हायचा, आजच्या तारखेची चाळीस पानं व्हायची. खरं सांगते, त्यांतली पुष्कळशी कंटाळवाणी होती. जंगलात रोज काही घडत नाही. पण कंटाळायलाही दुसरं माणूस लागतं, हे मला त्या दीड वर्षात कळलं. मग माझी लातूरला बदली झाली. सामान टेम्पोत चढवलं तेव्हा बाई फाटकापर्यंत आल्या आणि टेम्पोचा नंबर लिहून घेतला.

मागच्या महिन्यात कामासाठी नांदेडला गेले होते, तेव्हा बाईंकडे गेले. माडीला कुलूप होतं. नवा भाडेकरू मिळत नाही म्हणाल्या, कुणाला त्यांचं वाचणं झेपत नाही. चहा झाला. कप विसळून ठेवल्यावर त्यांनी रजिस्टर काढलं, भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहून मागचा हिशेब लावला, आणि शेऱ्याच्या रकान्यात हळूहळू लिहिलं: 'मॅडम, लातूरहून. आल्या सव्वातीन.' त्याच्या वरच्या बऱ्याच ओळी कोऱ्या होत्या. मी तिकडे बघायचं टाळलं, पण माझं नाव मला दिसलंच, बाहेरच्यांच्या रकान्यात. लिहून झाल्यावर बाईंनी पेन तसंच उघडं धरलं आणि विचारलं,

"बस किती वाजताची हाय?"

बस पाचची होती. मी सातची सांगितली, आणि सातच्याच बसनं निघाले.