बिडाचा तवा

जवसाचं तेल तापल्याचा वास आला की आमचा बंद पडलेला माग आठवतो. गिरणीच्या कापडापुढे हातमागाची लुगडी कोणी घेईना, तेव्हा बाप म्हणाला, "पोरीची शाळा सोडव. दुसऱ्याच्या मागावर सुताच्या कांड्या भरू दे तिले."  आईने दारापुढे चूल मांडली. गिरणीत जाणाऱ्यांना धिरडी विकून ती मला शिकवणार होती. पण पहिलं धिरडं बिडाच्या तव्याला चिकटून फाटलं, दुसरंही फाटलं. आमची सवयच विणकराची: डाग पडू नये म्हणून सुताला लावायच्या खळीचं भांडं राखेनं लख्ख घासायचं, आणि आई तवाही तसाच घासायची. शेजारची भजीवाली हसली, "काहून घासून राहिली वं? तवा आहे का नवरदेव? काळा राहू दे त्याले, मग नाही चिकटत!" "मग काळाच करीन," आई म्हणाली. रात्री तिने गोवऱ्यांचा जाळ केला, तव्याला चिंधीनं जवसाचं तेल चोळलं, धूर निघेस्तोवर तापवला, निवू दिला, पुन्हा चोळला. बोटं भाजली तरी थांबली नाही. बाप खोकत ओरडला, "घर जाळतं का वं?" "घर नाही, तवा तापवून राहिली." सकाळी तव्यावर काळी तुकतुकी आली होती, आणि धिरडं कडेनं उचलताच अख्खं सुटलं. ते माझ्या हातावर ठेवून आई म्हणाली, "खाय अन् शाळेत जाय." मी गेले. आज माझ्या नावापुढे बी.ए. लागतं, आमच्या कुळात ते आधी कोणाच्याच नावापुढे लागलं नव्हतं.