उघड्या पोत्यातला सोडा

उस्मानपुऱ्यात आमची धुलाईची भट्टी आहे. नवरा गेल्यापासून मी, धाकटा दीर आणि जाऊ अशी आम्ही तिघं ती चालवतो. धुण्याचा सोडा पोत्यानं येतो. ताजे खडे खडीसाखरेसारखे दिसतात, आणि त्यांच्या वजनात निम्म्याहून जास्त पाणीच असतं. उन्हाळ्यात पोतं उघडं राहिलं की ते पाणी उडून जातं आणि खड्यांची पांढरी भुकटी होते. सोडा मात्र सगळा तिथंच राहतो. म्हणून एका भट्टीच्या कपड्यांना एक किलो हे माप खड्यांचं. भुकटी त्याच्या निम्म्यानंही कमी लागते. मला ठाऊक होतं. जावेला मी कधी सांगितलं नव्हतं.

एप्रिलमध्ये पोतं उघडंच टाकून मी आठ दिवस पाचोडला लग्नाला गेले. परतले तेव्हा दोरीवर लॉजच्या चादरी होत्या. काठांचा मरून रंग पांढऱ्यावर पसरलेला. जावेच्या हातांची सालं निघालेली, आणि दीर तिला कपडे बडवायच्या मोगरीनं धोपटत होता.

"किलो मोजला म्हणतीस? डोळे फुटले व्हते का?"

"काट्यावर मोजला वो, आईची शपथ!"

तिनं हात आडवा धरला. बोट मोडल्याचा आवाज मला दारात ऐकू आला. मी भट्टीतल्या उकळत्या पाण्यानं बादली भरली आणि त्याच्या पायांवर ओतली. तो किंचाळत खाली बसला.

"वहिनी, पागल झाल्या का?"

"मोगरीला हात लावला तर दुसरी तोंडावर."

मग दोघांना पोत्यातली भुकटी दाखवली, किलोभर भुकटीत दुपटीहून जास्त सोडा जातो हे सांगितलं. पोतं मी उघडं ठेवलं होतं, तेही सांगितलं.

"म्हंजी हिची चूक नाय," दीर पाय धरून म्हणाला. "मंग आधी सांगायचं ना."

"अन् माझी चूक असती तर?" जावेनं विचारलं.

मी तिचे हात नळाखाली धरले, भट्टी विझवली आणि रिक्षा बोलावली. लंगडत लंगडत तोही येऊन बसला. दवाखान्यात डॉक्टरांनी कसं लागलं विचारलं, तर हाच पुढं झाला.

"घसरून पडली, साहेब."

"पडले नाय," जाऊ म्हणाली. "ह्यांनी मोगरीनं मारलं. अन् ह्यांचे पाय माझ्या जावेनं भाजले. दोन्ही लिवा."

डॉक्टरांनी माझ्याकडं पाहिलं. मी होकारार्थी मान हलवली. त्यांनी दोन्ही लिहिलं.