अच्युतचा उतार

अच्युत गेल्याचा फोन त्याच्या मुलीने, मीनलने केला. "काका, बाबा गेले… झोपेतच," एवढेच ती म्हणाली. मी अमेरिकेत बॉथेलमध्येच, त्यांच्या घरापासून चार गल्ल्यांवर राहतो. अच्युत जाऊन आता सहा आठवडे झाले. शोक करायला सवड मिळालेली नाही. संतापाने ती घेतली.

महाराष्ट्रात मृदसंधारणाच्या कामात आयुष्य घालवून अच्युत मुलीकडे आला. घरे बांधताना वसाहतीमागच्या उतारावरची माती खरवडून नेली होती. पाऊस लागला की गढूळ लोंढा खालच्या ओढ्यात उतरे. वसाहतीची परवानगी काढून हा सत्तरीचा माणूस फावडे घेऊन वर चढला. माथ्यापासून पायथ्यापर्यंत एकाखाली एक, उताराला आडवे, समपातळीत चर खणले, फांद्या आडव्या रचल्या, शेजाऱ्यांच्या अंगणातला पाला मागून आणून अंथरला, माती धरून ठेवणाऱ्या विलो झाडाच्या काड्या रोवल्या. मी बँकेतला, कडेला उभे राहून शंका काढणे हे माझे काम. "अरे, हे तर नुसतं रान माजलंय," मी एकदा म्हणालो. "तुला नळातलं पाणी तेवढं कळतं. हात खिशातून काढ आणि तो ओंडका उचल," तो म्हणाला. नऊ वर्षांनी ओढ्याचे पाणी निवळून तळ दिसू लागला. तो दाखवायला त्याने मला भर पावसात नेले.

तेराव्यानंतर इथल्या मराठी मंडळातल्या रोहितने विचारले, "काका, अच्युतकाकांच्या आठवणीत उतारावर श्रमदान ठेवू?" मी हो म्हणालो. काय करणार, हे विचारले नाही. शनिवारी दुपारी पोहोचलो तेव्हा चाळीस माणसे, एकसारखे टी-शर्ट, पोह्यांचे ट्रे, अच्युतच्या फोटोला हार. आणि उतार… उघडाबोडका.

"बघा काका, एकदम क्लीन केलं! केवढा कचरा होता यार," रोहित म्हणाला. "ते खड्डेपण बुजवले. कोणी पडलं असतं."

पाला पिशव्यांत भरला होता. विलो मुळासकट उपटून ढीग घातला होता.

"तो कचरा नव्हता. ते त्याचं काम होतं."

"सॉरी काका… आम्हाला कोणी सांगितलंच नाही."

उत्तर खरे होते, म्हणूनच सहन झाले नाही. नऊ वर्षे प्रत्येक सणाला अच्युतच्या पाया पडणाऱ्यांपैकी एकही जण तो काय करतो हे पाहायला वर चढला नव्हता, याचा मला राग आहे. ज्याला ठाऊक होते त्याने न विचारता होकार दिला, याचा त्याहून अधिक आहे. त्याच आठवड्यात पाऊस लागला. ओढा मातकट वाहिला.

मीनलने गॅरेज उघडून दिले. भिंतीवर अच्युतची ए-फ्रेम होती: काठ्यांचा त्रिकोण, मधोमध दोरीला टांगलेला दगड. दोरी आडव्या काठीवरच्या खुणेवर स्थिरावली, की दोन्ही पाय एका पातळीत. तिथून चराची रेघ निघते. रविवारी मी ती उतारावर उभी केली. रोहितला बोलावले होते. तो आणखी सहा जणांना घेऊन आला.

"काका, कुठून खणायचं?"

"थांब. दगड अजून हलतोय."

आम्ही दगडाकडे पाहत पावसात उभे राहिलो.