चाकावरची रेघ

साठ सालच्या आसपास कानडी मुलखातल्या आमच्या शिवाजीनगरात, बसस्टँडसमोर एक घड्याळजी बसायचा. त्याच्या गोड बोलण्याचा मला भारी संशय. डोळ्याला भिंग लावून, मान वर न करता तो स्वित्झर्लंडमधल्या फ्रेंच बोलणाऱ्या खेड्यांविषयी सांगत राहायचा.

"डोंगरातली शंभर-शंभर घरांची गावं, अण्णा. प्रत्येकाची स्वतःची पंचायत, गावाच्या मालकीचं जंगल. हिवाळ्यात बर्फाने वाट बंद झाली, की शेतकरी खिडकीशी बसून घड्याळं करायचे. वरच्या गावात चाकं, खालच्या गावात तबकड्या."

म्हैसूरच्या पलीकडे न गेलेल्या माणसाला हे कुणी सांगितलं? विचारलं तर म्हणे, "घड्याळंच सांगतात."

गिऱ्हाईक बर्फात रमलं, की हा अस्सल चाकं काढून नकली बसवत असणार, असं माझ्या मनाने घेतलं. म्हणून वडिलांचं घड्याळ सफाईला देण्याआधी मी घरी ते उघडलं आणि मोठ्या चाकावर सुईने रेघ ओढली.

आणायला गेलो, तर त्याने आपणहून झाकण उघडून भिंग माझ्या हातात दिलं.

"स्वल्प, जरा इथे बघा. झाकणाच्या आत ही खूण त्या गावच्या कारागिराची. तिच्याखाली माझी, तुमच्या वडिलांच्या वेळची. पण चाकावरची ही रेघ आमच्यातल्या कुणाची नाही."

त्याने पहिल्यांदाच मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

"हिचा कीस दातांत अडकला होता, तो काढला. रेघ तशीच ठेवलीय, तुम्हाला बघायची असेल म्हणून."