भिंतीपलीकडचा अ‍ॅम्प

बद्रीनाथ यांना मी ओळखत होतो असं लिहायला हात धजत नाही. सिडकोतल्या आमच्या दोन रो-हाऊसची भिंत एक आहे, एवढीच ओळख. त्यांना कोणती भाजी आवडायची तेही मला माहीत नाही. वर्षश्राद्धाला छापायला पानभर लिहून द्या, असं त्यांच्या मुलीने, प्रेरणाने, सांगितलं म्हणून लिहितो. पाटबंधारे खात्यातल्या टिपण्यांपलीकडे मी काही लिहिलेलं नाही.

ते मूळचे दौलताबादजवळचे, घरी शेती. चितेगावला कारखान्यात नोकरी आणि लग्नसराईत ऑर्केस्ट्रात गिटार. गिटारचा अ‍ॅम्प, म्हणजे तिचा आवाज मोठा करणारा स्पीकर, त्यांनी तरुणपणी मुंबईहून आणला होता. जुन्या रेडिओसारखा आत काचेच्या नळ्या असलेला, तापायला वेळ घेणारा, दोघांनी उचलावा असा पेटारा. ऑर्केस्ट्रा बंद पडला तरी संध्याकाळी तो भिंतीपलीकडे वाजायचा. फाटकात भेटले की विचारायचे, "साहेब, आवाज जास्त होतो का?" मी म्हणायचो, "नाही, नाही." बोलणं बहुतेक एवढंच. मला तो आवाज आवडायचा. मऊ होता, जरा घोगरा, थंडीत शेजारच्या खोलीत कुणी हळू बोलावं तसा. पण तसं मी सांगितलं नाही.

मग त्यांची कंबर गेली आणि प्रेरणाने आईवडिलांना पुण्याला न्यायचं ठरवलं. त्या वेळी मला चहाला बोलावलं होतं.

"अप्पा, चौथ्या मजल्यावर हा पेटारा ठेवू कुठं? बाथरूममध्ये?"

"मग मला बी इथंच ठेव. तो नाय तर मी नाय."

"ठेव गं त्यांना," दीपमालावहिनी म्हणाल्या. "ह्यांचं लगीन त्या पेटाऱ्याशीच ठरलं होतं. चुकून हळद मला लागली."

प्रेरणाने बॅगेतून पुस्तकाएवढी डबी काढली. तिला मॉडेलर म्हणतात. अ‍ॅम्पसमोर माइक ठेवून त्याचा आवाज एकदा डबीत भरला, की पुढे गिटार डबीला जोडायची आणि तोच आवाज साध्या स्पीकरमधून हुबेहूब निघतो, असं ती म्हणाली. दिवाळीत तिने अप्पांच्याच अ‍ॅम्पचा आवाज भरून नेला होता.

"हुबेहूब?" बद्रीनाथ म्हणाले. "पावडरच्या दुधाला साय धरती का?"

"ऐकून ठरवा ना."

"कुणी ठरवायचं? तू डबीवाली. वेरूळच्या कडूबाला बोलवावं, तर तो ऑर्केस्ट्रातला, माझीच री ओढणार."

"ह्या भाऊंना विचारा," वहिनी म्हणाल्या. "इतकी वर्षं बिनतिकिटाचे ऐकतायत."

मला गाण्यातलं काही कळत नाही, असं मी म्हणालो.

"म्हणूनच. कळणारे लई बोलतात. तुम्ही तुमच्या खोलीत बसा साहेब. दोनदा वाजवतो. खरा अ‍ॅम्प कोणता तेवढं सांगा. तुम्ही तो ओळखला तर तो पुण्याला येणार. डबीच खरी वाटली तर डबी." त्यांनी हात पुढे केला. प्रेरणाने टाळी दिली.

मी घरी येऊन भिंतीला लागून असलेल्या पलंगावर बसलो. पहिला आवाज मोठा आणि लख्ख आला. एकेक तार वेगळी कळत होती. माझ्या मांडणीवरची झाकणं वाजली. नवी वस्तू आहे, तोरा दाखवणारच, असं मनात आलं. दुसरा आवाज मऊ, जरा घोगरा. रोजचा. मी पुन्हा एकदा वाजवायला लावलं, चूक व्हायला नको म्हणून. मग जाऊन सांगितलं, "दुसरा खरा. पहिला चांगला होता, पण तो आपला नव्हे."

बद्रीनाथ मांडीवर गिटार घेऊन बसले होते. शेजारच्या खुर्चीवर एक गोधडी घडी करून ठेवलेली होती.

"भाऊ, पहिला अ‍ॅम्प होता," वहिनी म्हणाल्या आणि नवऱ्याकडे वळल्या. "मी सांगत होते, राहू द्या ती गोधडी. आजच मिरवायचं सुचलं!"

मला उमजेना. मग प्रेरणाने सांगितलं. पलीकडे त्रास नको म्हणून अप्पा रोज अ‍ॅम्पवर गोधडी टाकून वाजवायचे. दिवाळीत माइक लावला तेव्हाही ती होतीच. आज परीक्षा म्हणून त्यांनी ती पहिल्यांदा काढली होती.

"मग हा निकाल धरू नका," मी म्हणालो. "मी अ‍ॅम्प कधी ऐकलाच नव्हता."

"धरायचा. टाळी दिलीय." बद्रीनाथ म्हणाले. "आणि साहेब चुकले नाय. डबीनं गोधडीसुद्धा बरोब्बर टिपली की!" ते हसले. मग उठून त्यांनी गोधडी उलगडली आणि अ‍ॅम्पवर घातली.

रविवारी कडूबा टेम्पो घेऊन आले आणि अ‍ॅम्प वेरूळला घेऊन गेले. गोधडीही सोबत दिली. पुढचा महिनाभर बद्रीनाथ डबीला हेडफोन लावून वाजवायचे, त्यामुळे भिंतीतून काही येत नसे. फाटकात भेटले तरी आवाजाचं विचारत नसत. पहाटे निघून ते पुण्याला गेले तेव्हा मी झोपेत होतो. नंतर भेट झाली नाही.

ते जाण्याच्या आदल्या दिवशी नळाला पाणी आलं होतं. आमच्या दोघांच्या मोटरी एकाच लाइनवर आहेत. त्यांनी फाटकातून हाक मारली.

"साहेब, पाणी आलंय. मोटर लावा."

"तुमचं भरलं का?"

"मी बंद केलीय. आता तुम्हाला जोरात येईल."

"लावतो," मी म्हणालो.