सतरंजीवरची समता

जानकाबाई १९९७ साली राखीव जागेवर सरपंच झाल्या. आंबेगाव तालुक्यातल्या आमच्या गावाने त्यांना हार घातला, गुलाल लावला, आणि पहिल्या मासिक सभेच्या आदल्या दिवशी ग्रामपंचायतीतल्या खुर्च्या माळ्यावर चढवल्या.

उपसरपंच राघू मोठा गोडबोल्या माणूस. सतरंजी अंथरून म्हणाला, "आजपास्नं ल्हान-मोठं कुणी न्हाई. समद्यांनी खालीच बसायचं." जानकाबाईंना भरून आलं. दर चौदा एप्रिलला विहारात ऐकलेली समता आपल्या गावात आपण होऊन चालत आली, असंच त्यांना वाटलं.

त्यांची सून यशोधरा बालवाडीत शिकवायची. तिने विचारलं, "आत्या, आदीचे सरपंच व्हते तवा का नाय आणली ही समता?" जानकाबाई दोन दिवस तिच्याशी बोलल्या नाहीत. सुनेने तोंड उघडलं याचा त्यांना राग होता, आणि ती खरं बोलली याचा जास्त.

तीन वर्षं सभा सतरंजीवर झाल्या. मग एका सभेला तालुक्याचे अधिकारी येणार होते. नळाची पाइपलाइन बौद्धवस्तीपर्यंत न्यायची की नाही, हे त्या दिवशी ठरायचं होतं. जानकाबाई पोचल्या तेव्हा माळ्यावरच्या दोन खुर्च्या खाली आल्या होत्या. एकीवर साहेब, दुसरीवर राघू. बाकीचे सात सदस्य सतरंजीवर.

"सरपंच कोण?" साहेबांनी विचारलं.

"मी," जानकाबाई दारातूनच म्हणाल्या. "राघूभाऊ, उठा. तितं मी बसनार."

राघू हसला. "बाई, आपलं ठरलंय ना, समदे समान?"

"व्हय. म्हनून तर तुमी खाली बसा."

साहेब छताकडे बघू लागले. राघू उठला, पण खाली बसला नाही. भिंतीला टेकून उभा राहिला. जानकाबाई खुर्चीवर बसल्या तसे सतरंजीवरचेही एकेक करून उठले. त्यांच्या पायाशी बसायची कुणाचीच तयारी नव्हती. समतेचं नाव मात्र कुणी काढलं नाही.

जानकाबाईंनी इतिवृत्त लिहिणाऱ्या ग्रामसेवकाला विचारलं, "उबी मानसं धरून कोरम भरतो का?"

"भरतो, बाई."

"मग पाइपलाइनचं लिवा. ज्याचा इरोध आसंल, त्यानं खाली बसावं."

कुणी बसलं नाही. ठराव एकमताने मंजूर झाला.